मराठी मीम पेज चालवणाऱ्यांना खुलं पत्र: माझ्या मुलीचा चेहरा तुमचा टेम्प्लेट नाही

प्रति,
मराठीत मीम पेज चालवणारे, रील बनवणारे आणि त्या पेजांचे सर्व अ‍ॅडमिन

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुमचं काम रोज बघते. सांगली-कोल्हापूरचा रांगडेपणा, वऱ्हाडी हेल, मालवणी तिरकसपणा हे सगळं आज घराघरातल्या मोबाइलवर ऐकू येतं ते तुमच्यामुळे. आमच्या पिढीला वाटायचं की बोलीभाषा आता संपल्या. त्या संपल्या नाहीत, याचं श्रेय मी तुम्हाला मनापासून देते. म्हणूनच हे पत्र एखाद्या मंत्र्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी मूळची साताऱ्याची, आता पुण्यात राहते. माझा नवरा मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यातला, तांगखुल नागा. तो इथे शिकायला आला, इथेच नोकरीला लागला आणि इथलाच झाला. आमची मुलगी नववीत आहे. तिची मराठी माझ्या आईच्या वळणाची, पक्की सातारी आहे. चेहरा मात्र बापाचा आहे.

गेल्या महिन्यात लाखो फॉलोअर असलेल्या एका मराठी पेजवर एक रील आलं. एका मुलानं डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीनं ताणून घेतल्या आहेत, अंगात वॉचमनचा गणवेश आहे, तो मुद्दाम मोडकंतोडकं बोलतो आणि शेवटी तो चीनचा हेर निघतो. चीनच्या सीमेची बातमी त्या दिवशी ट्रेंडमध्ये होती, तेवढंच निमित्त. रील दुपारपर्यंत मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचलं आणि खाली तिला टॅग करून कुणीतरी लिहिलं, ‘तुझे पप्पा ना गं?’ त्यावर हसणाऱ्यांत तिच्याबरोबर डबा खाणाऱ्या मुली होत्या. तिनं मला लगेच सांगितलं नाही. दोन दिवसांनी शाळेच्या कार्यक्रमाला पप्पांनी आलं नाही तरी चालेल असं ती म्हणाली, तेव्हा मला कळलं.

मी त्या पेजला मेल केला. उत्तर आलं, ‘मॅडम, कॉमेडी आहे, लाइटली घ्या.’ प्लॅटफॉर्मकडे तक्रार केली, तर हा मजकूर नियमांविरुद्ध नसल्याचं कळवण्यात आलं. रील अजून तिथेच आहे. या दोन उत्तरांनंतर गप्प बसणं मला शक्य नाही.

माझी पहिली तक्रार अशी की बातमी कुठलीही असो, तुमच्या हाताला दर वेळी तोच चेहरा लागतो. २०१७ साली डोकलामवरून चीनशी तणाव झाला, तेव्हा ईशान्येतला चेहरा चिनी सैनिकाचा ठरला. २०२० मध्ये कोरोना आला आणि तोच चेहरा विषाणू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि तो पुन्हा चिनी झाला. बातमी नसेल तेव्हा मोमो असतातच. माझ्या नवऱ्यानं पहिला मोमो पुण्यात खाल्ला. उखरुलच्या घरात भात, डुकराचं मटण आणि सिराराखोंगची हथेई मिरची असते. ही मिरची माझ्या सासूबाई दर वर्षी आम्हाला पाठवतात. पण ते मोमो खात असते तरी काय बिघडलं असतं? कुणाच्या ताटात कुठले चार घास आहेत यावरून त्याला नावं ठेवायची, ही रीत आपल्याकडे नवी नाही आणि त्यातून काय काय झालं हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही.

तुमच्यासाठी ट्रेंड दोन दिवसांत संपतो. तुम्ही पुढच्या विषयाकडे वळता, मग क्रिकेट येतं, निवडणूक येते, कुणाचं तरी लग्न येतं. माझा नवरा तोच चेहरा घेऊन दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढतो, बँकेच्या रांगेत उभा राहतो, घर भाड्यानं बघायला जातो. तुम्ही दिलेलं संबोधन तोवर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या तोंडी आलेलं असतं. हे मी तर्कानं सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत कलिना भागात मणिपूरच्या एका तरुणीवर मोटारसायकलवरचा माणूस थुंकून गेला. दिल्लीत मार्चमध्ये तेच झालं होतं, तिथे थुंकणाऱ्यानं ‘कोरोना’ अशी हाकही मारली होती. त्याच मार्च महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाला सर्व राज्यांना पत्र पाठवावं लागलं की ईशान्येतल्या नागरिकांना कोरोनावरून त्रास दिला जातो आहे, त्याला आळा घाला. थुंकणाऱ्यांनी तो शब्द स्वतः शोधून काढला नव्हता. तो आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर हसत हसत फिरत होता.

पुणेकरांना तर याहून जुनी गोष्ट आठवायला हवी. जुलै २०१२ मध्ये आसामात कोक्राझारला दंगल झाली आणि ऑगस्टमध्ये तिच्या अफवा एसएमएसवरून देशभर पसरल्या. पुण्यात ईशान्येतल्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. माझा धाकटा दीर तेव्हा इथल्या एका कॉलेजात शिकत होता. ‘अमुक तारखेनंतर तुमचं काही खरं नाही’ असे मेसेज त्याला येत होते. आम्ही त्याला आमच्याकडे राहायला बोलावलं, पण त्याच्या खोलीतली सगळी मुलं निघाली होती. पुणे स्टेशनवर हावड्याला जाणाऱ्या आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये त्याला बसवायला आम्ही दोघं गेलो. फलाटावर शेकडो मुलं-मुली होती, हातात पिशव्या, कुणाकडेच परतीचं तिकीट नव्हतं. सरकारनं १७ ऑगस्टला एकगठ्ठा एसएमएसवर पंधरा दिवसांची बंदी घातली. माझा दीर शिक्षण पूर्ण करायला पुण्यात परत आला नाही. तेव्हा मेसेज पाठवणाऱ्यांतही अनेकांना ती गंमतच वाटली असणार. आज तुमच्या एका पोस्टची पोच त्या सगळ्या एसएमएसपेक्षा मोठी आहे.

दुसरी तक्रार कमेंट्सबद्दल. पोस्ट तुमची आणि कमेंट लोकांची, असं तुम्ही म्हणता. पण राजकीय नेत्याविरुद्धची कमेंट तुम्ही काही मिनिटांत उडवता, प्रायोजकाच्या मालाला नावं ठेवणारी तर त्याहून लवकर. म्हणजे कमेंट वाचायला तुमच्याकडे माणूस आहे आणि वेळही आहे. मग ‘चिंकी’, ‘कुत्रं खाणारे’, ‘व्हिसा दाखव’ हे सगळं दिवसेंदिवस तसंच कसं राहतं? ज्या रीलबद्दल मी लिहिते आहे, त्याखाली सर्वांत वर पिन केलेली कमेंट कुठल्याशा अनोळखी माणसाची नव्हती. ती अ‍ॅडमिननं निवडून वर ठेवली होती. त्यावर आसामच्या एका मुलीनं मराठीत, अगदी नम्रपणे उत्तर लिहिलं होतं. तिच्या खाली चाळीसेक जणांनी तिच्याच प्रोफाइलवरचे फोटो उचलून कमेंटमध्ये टाकले. त्यांपैकी एकही उडवलेला दिसला नाही.

तिसरी तक्रार लिहिताना मला सर्वांत जास्त त्रास होतो.

२४ जुलै २०२१ रोजी मणिपूरच्या मीराबाई चानूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलं. त्या दिवशी तुमच्या सगळ्या पेजांवर तिरंगा होता आणि ती ‘भारताची लेक’ होती. आमच्या घरातही आनंद होता, नवऱ्यानं गावाकडे सगळ्यांना फोन केले. त्याच आठवड्यात मूळच्या आसामच्या अंकिता कोंवर यांनी जाहीरपणे लिहिलं की ईशान्येतला माणूस देशासाठी पदक जिंकला तरच भारतीय ठरतो, एरवी तो चिनी, नेपाळी किंवा कोरोना असतो. त्यांचे पती मिलिंद सोमण आपले मराठी. निदान त्यामुळे तरी आपल्याकडे त्यांचं म्हणणं नीट ऐकलं जाईल असं मला वाटलं होतं. चार दिवसांनी सगळं पहिल्यासारखं झालं.

डिसेंबर २०२५ मध्ये देहरादूनमध्ये शिकणाऱ्या त्रिपुराच्या एंजेल चकमावर हल्ला झाला आणि २६ डिसेंबरला रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याचे वडील सीमा सुरक्षा दलात आहेत. वांशिक शेरेबाजीला हरकत घेतली म्हणून हल्ला झाला असं घरच्यांचं म्हणणं आहे. ते शेरे थट्टेत मारले होते, वंशद्वेषाचा काही पुरावा नाही, असं सुरुवातीला पोलिसांकडून सांगण्यात आलं. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, त्याबद्दल मी बोलणार नाही. मी तुमच्याबद्दल बोलते आहे. त्या आठवड्यात तुमच्यापैकी कित्येकांनी काळ्या पार्श्वभूमीवर मेणबत्ती लावून ‘जस्टिस’ लिहिलं. माझ्या मुलीनं ती पोस्ट बघितली आणि त्याच पेजवर खाली खाली जात राहिली. तिला तिथे डोळे ताणलेला तो मुलगा सापडला, मोमोची तीन मीम सापडली, ‘नेपाळी गुरखा’वाला जुना विनोद सापडला. ‘आई, यांना हे एकाच पेजवर ठेवायला काहीच वाटत नाही का?’ असं तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. ते तुम्ही द्यावं.

बारा वर्षांपूर्वी, जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्यानं प्रतिकार केला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचे वडील आमदार होते, तरी तो वाचला नाही. त्यानंतर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली. तिनं त्याच वर्षी अहवाल दिला आणि वांशिक शेरेबाजीसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करा अशी शिफारस केली. भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तरी ती स्वतंत्र तरतूद आलेली नाही. दोन्ही घटनांची सुरुवात टिंगलीनं झाली. ‘नुसता विनोद’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मला ही दोन नावं आठवतात.

चौथी गोष्ट दुटप्पीपणाची. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी शिवीगाळ केली. त्यानं पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. तुम्ही सगळे सिराजच्या बाजूनं उभे राहिलात आणि ते योग्यच होतं. पण त्याच्या आधी काही महिने, जून २०२० मध्ये, वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी सांगत होता की आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला ‘कालू’ म्हणून हाक मारत. तेव्हा तुमच्यातल्याच काहींनी त्यावर मीम केली. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या मुलांवर, त्यांच्या उच्चारांवर, डब्यातल्या वासावर गलिच्छ विनोद होतात, तेव्हा तुम्ही चिडून उठता. मीही चिडते, माझा भाचा तिकडे आहे. आणि मुंबईत मराठी माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवलं की आपल्याला काय होतं? तेव्हा आपण म्हणतो का, की कॉमेडी आहे, सोडून द्या? माझ्या वडिलांनी दादरच्या ऑफिसात तो शब्द आयुष्यभर ऐकला, निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्यात त्याचा सल होता. ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना दुसऱ्याचं कळू नये, हे मला पटत नाही.

‘आम्ही सगळ्यांवरच विनोद करतो, मराठी माणसावर तर सर्वांत जास्त’ हे तुमचं आवडतं उत्तर मला माहीत आहे. करा ना. पुणेरी पाट्यांवर होतो तो विनोद पुणेकराच्या वागण्यावर असतो, त्यात पुणेकरच सर्वांत पुढे हसतो. मामलेदार कचेरीवर होतो, सासू-सुनेवर होतो, त्यात निरीक्षण असतं, माणूस असतो. डोळ्यांना चिकटपट्टी लावण्यात कुठलं निरीक्षण आहे? तुम्हाला उखरुल आणि ऐझॉलमधला फरक माहीत नाही, मिझो आणि मैतेई वेगळे हे माहीत नाही, गुरखा आणि लडाखी वेगळे हेही नाही. ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही त्याच्या चेहऱ्याची नक्कल तेवढी करता येते. तुम्ही याहून कितीतरी चांगलं लिहिता, हे मी सुरुवातीला म्हटलंच आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती शाळेत शिकवत नाहीत. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळकडे निघाली, तेव्हा शांगशाक या तांगखुल गावाच्या टेकडीवर तिला काही दिवस अडवून धरलं गेलं. त्या लढाईत ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. गावात पाणी नव्हतं, खंदक खणायला खडक होता आणि वेढा पडला होता. शांगशाक उखरुलजवळ आहे. माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा मला तिथे नेलं, कारण सून मराठी होती आणि मराठे तिथे लढले होते हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. आपल्याकडच्या मुलांना तिथल्या लोकांचं नाव माहीत नाही. तिथल्या लोकांना आपलं माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, धमकी म्हणून नाही. २०१२ साली केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला ‘चिंकी’ म्हणून हिणवल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. त्यांची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, अशी पळवाटही उरलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं स्पष्ट केलं की माणूस देशात कुठेही असला तरी या कायद्याचं संरक्षण त्याच्याबरोबर असतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वांशिकदृष्ट्या आक्षेपार्ह मजकूर टाकू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. मला कुणाही पोराला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवायचं नाही. विशीतली मुलं आहात, तुमच्या आयांना काय वाटेल ते मला कळतं.

मला जे हवं आहे ते असं.

त्या पेजनं ते रील काढावं आणि जिथे ते टाकलं तिथेच, तेवढ्याच ठळकपणे, चूक झाली असं लिहावं. चोवीस तासांत नाहीशी होणारी स्टोरी नको. माझं किंवा माझ्या मुलीचं नाव कुठे येता कामा नये.

बाकीच्यांनी आपली पेज एकदा मागे जाऊन तपासावीत. डोळे ताणलेले, नकली चिनी बोलणारे, काळा रंग फासलेले, कुत्र्या-मोमोचे जे विनोद आहेत ते काढावेत. नवे करू नयेत. एखाद्या समाजाच्या शरीरावर विनोद करायचा मोह झाला, तर त्या समाजातला माणूस समोर बसून तो ऐकतो आहे असं धरून आधी एकदा मोठ्यानं म्हणून बघावा.

कमेंटमध्ये ठरावीक शब्द आपोआप लपवण्याची सोय बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मवर आहे. तुम्ही ती राजकीय शिव्यांसाठी वापरता, यासाठीही वापरा. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींतले शब्द त्यात घाला. कुणा मुलीचे फोटो उचलून कमेंटमध्ये टाकणाऱ्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा.

ईशान्येतली बातमी ट्रेंडमध्ये आली आणि तुम्हाला त्यावर काही लिहायचंच असेल, तर आधी तिथल्या कुणाला तरी विचारा. पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात शेकडो मुलं शिकतात, नोकऱ्या करतात. माहिती नसेल तर त्या दिवशी पोस्ट नाही टाकली तरी चालेल.

प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपन्यांकडे माझं एकच मागणं आहे: मराठीतली तक्रार मराठी समजणाऱ्या माणसानं वाचावी. आणि हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, नुसतं ‘रिपोर्ट’चं बटण दाबून थांबू नका. प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्यानं चोवीस तासांत पोच आणि सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. मी मागितली आहे.

तुमच्यापैकी कुणाला यावर बोलायचं असेल, वाद घालायचा असेल, तर मी तयार आहे. माझा नवराही तयार आहे. कॅमेऱ्यासमोर बोलवा किंवा कॅमेऱ्याशिवाय, आम्ही येऊ.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई
पुणे